रंग आणि तग: भोपाळच्या फुलत्या वृक्षांचा इतिहास

भोपाळ हे नाव मराठी वाचकाच्या मनात प्रथम रणांगणाच्या रूपाने उमटते. १७३७ सालच्या डिसेंबरात पहिल्या बाजीराव पेशव्यांनी निजामुल्मुल्क आसफजाहाला या शहराच्या तटांआड कोंडले, त्याची रसद तोडून त्याला जेरीस आणले आणि पुढच्याच महिन्यात दोराहा सराई येथे माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला, हा वृत्तांत आपण शाळकरी वयापासून ऐकत आलो आहोत. ज्या माळावर त्या वेळी फौजांचे तळ पडले, त्याच माळावर, फौजा परतल्यानंतर दोनएक महिन्यांनी, पळस फुलला असणार. कारण त्या भूमीवरील पळसाचे वास्तव्य कोणत्याही दौलतीपेक्षा जुने आहे. राज्ये आली आणि गेली, त्यांचे तह, सनदा आणि फर्माने दफ्तरांत जतन झाली. परंतु या शहरात कोणती झाडे आपणहून उगवली, कोणती कोणी आणून लावली, कोणाचा रंग लोकांना भावला आणि कोण तेथल्या उन्हाळ्यात टिकून राहिले, याचा इतिहास अन्यत्र शोधावा लागतो. तो काही अंशी मोहल्ल्यांच्या नावांत आहे, काही अंशी जुन्या बागांच्या अवशेषांत आहे, आणि त्याचा फार मोठा भाग खुद्द झाडांच्या पेशींत, त्यांच्या जनुकांत, साठून राहिलेला आहे.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर, विंध्याच्या वालुकाश्माच्या टेकड्या आणि माळव्याची काळी माती यांच्या संधिस्थळी वसले आहे. वर्षाकाठी तेथे सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाने आपल्या मुळांच्या आणि खोडाच्या भरवशावर काढायचे असतात. मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. टेकडीवर मातीचा थर पातळ, म्हणून पाणी ठरत नाही. सखल भागात काळी माती, म्हणून पावसाळ्यात मुळे पाण्यात बुडालेली आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळून मुळांना ताणणारी. राजा भोजाच्या काळापासून, म्हणजे अकराव्या शतकापासून, बांध घालून तलाव अडवण्याची परंपरा या परिसरात निर्माण झाली, तिचे कारणही हेच आहे. माणसाने तलाव बांधला. झाडांनी मात्र आपला बंदोबस्त आपल्याच देहात केला.

हा बंदोबस्त डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर माघ ते ज्येष्ठ या काळात रायसेनच्या किंवा सीहोरच्या वाटेने जावे. प्रथम काटेसावर आपली सारी पाने टाकून देते आणि निष्पर्ण फांद्यांवर मांसल, लालभडक फुले धारण करते. तिच्या मागोमाग पळस आणि पांगारा पेटतात. कांचन जांभळट-गुलाबी होतो आणि त्याच्या कळ्या बाजारात भाजीसाठी येतात. आणि वैशाखाच्या भर उन्हात, जेव्हा विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते, तेव्हा बहावा पिवळ्या घोसांनी लदबदून जातो. पाणी सर्वांत कमी असताना फुलणे हा वरवर पाहता अविचार वाटेल. परंतु त्यामागे फार काटेकोर हिशेब आहे. पानांवाटे जितके पाणी हवेत उडून जाते तितके अन्य कशानेही जात नाही, म्हणून पाने टाकून झाड आपला खर्च थांबवते. खोडात आणि खोल मुळांत साठवलेल्या पुंजीवर फुलांचा संसार उभा करते. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात आणि पक्षी व कीटक त्यांकडे धाव घेतात. आणि बी पिकून खाली पडते तोवर मृगाच्या सरी जवळ आलेल्या असतात किंवा पुढच्या पावसाची वाट पाहण्याइतकी तिची कवची कठीण झालेली असते. अशा वृक्षांत रंग आणि सहनशीलता यांची फारकत करता येत नाही. दोन्ही गुण एकाच उन्हाळ्याने, सहस्रावधी पिढ्यांच्या निवडीतून, एकत्र घडवले आहेत.

पळसाचे एक फूल हाती घेऊन निरखले तर या विधानाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. देठाकडे काळसर हिरव्या मखमलीचा पेला, त्यातून बाहेर आलेली पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी, आणि साऱ्या फुलावर रेशमी लव. ही फुले सावलीत वाळवून ठेवण्याची आणि धुळवडीच्या आदल्या रात्री मोठ्या भांड्यात उकळण्याची रीत माळव्यात, बुंदेलखंडात आणि विदर्भातही पूर्वापार होती. पाण्याला पिवळा-केशरी रंग चढे, आणि त्यात चिमूटभर चुना पडला की तो अधिक गडद होई. या रंगाचे रसायन उलगडण्यात आपल्याच देशातील एका संशोधकाचा मोठा वाटा आहे. वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात टी. आर. शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात पळसाच्या फुलांतील ब्यूट्रिन या द्रव्याचा अभ्यास केला. ब्यूट्रिन आणि त्याचे जोडद्रव्य आयसोब्यूट्रिन ही फ्लॅव्होनॉइड कुळातील द्रव्ये आहेत, आणि त्यांपैकी आयसोब्यूट्रिन हे चाल्कोन या प्रकारात मोडते. वनस्पतीच्या पेशीत लाल, जांभळे आणि निळे रंग घडवणारी जी दीर्घ रासायनिक वाट आहे, तिची पहिली पायरी म्हणजे चाल्कोन. गुलाब किंवा जास्वंद या वाटेने पुष्कळ पुढे जातात. पळस आपल्या रंगाचा मोठा भाग पहिल्या पायऱ्यांवरच घडवतो, आणि तोही एका आडवाटेने, जी शिंबीकुलातील वनस्पतींची विशेष मिरास आहे. याच कुलातील अनेक वनस्पती त्याच जातीची द्रव्ये मुळांतून मातीत सोडून नत्र बांधणाऱ्या जिवाणूंना जवळ बोलावतात. म्हणजे फांदीवर पक्ष्यांना पाचारण करणारा रंग आणि जमिनीखाली निकस मातीत अन्न मिळवून देणारा संदेश ही एकाच रासायनिक घराण्याची दोन कामे आहेत.

या निसर्गदत्त संपत्तीवर माणसाने आपल्या आवडीचा थर चढवला, तो प्रामुख्याने नवाबी काळात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दोस्त मोहम्मद खानाने येथे आपली रियासत उभी केली. १७९४ साली दिवाण छोटे खान याने धाकटा तलाव बांधला. परंतु भोपाळला बागांचे शहर केले ते पुढच्या शतकातील बेगमांनी. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, या रियासतीची सूत्रे स्त्रियांच्या हाती होती: कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहान बेगम आणि सुलतान जहान बेगम. कुदसिया बेगमेने तलावाचे पाणी नळाने शहरात खेळवले, आणि पाण्याची अशी शाश्वती झाल्याखेरीज बाग ही गोष्ट त्या टेकड्यांवर संभवत नव्हती. सिकंदर बेगमेला फरहत अफजा बागेतच चिरविश्रांती मिळाली. शाहजहान बेगमेने १८७१ ते १८८४ या काळात बांधलेल्या आपल्या ताजमहाल या राजवाड्यात सावन-भादों नावाचा एक मंडप उठवला, ज्यात कारंजांच्या योगाने कोरड्या ऋतूतही पावसाचा आभास निर्माण व्हावा. ज्या प्रदेशात आठ महिने पाऊस नाही, त्या प्रदेशातील राज्यकर्तीच्या कल्पनेला पाऊस हीच परम विलासाची वस्तू वाटावी, यात मोठे औचित्य आहे.

ऐशबाग, बाग दिलकुशा, बाग फरहत अफजा, बाग उमराव दूल्हा, बाग मुगलिया, बडा बाग ही नावे आज मोहल्ल्यांची आणि वस्त्यांची नावे होऊन राहिली आहेत. मुघल परंपरेतील बाग ही केवळ शोभेची नसे. तिच्यात पाट आणि हौद असत, त्यांच्या कडेने आंबा, जांभूळ, पेरू, संत्रे, डाळिंब यांच्या रांगा असत, आणि मोगरा, चाफा व गुलाब यांचे ताटवे असत. फळांचे उत्पन्न सरकारजमा होई किंवा मक्त्याने दिले जाई. या बागांच्या व्यवस्थेत एक विद्या अतिशय मोलाची मानली जात होती, ती म्हणजे कलम बांधण्याची विद्या. आंब्याची कोय लावली तर येणारे झाड आपल्या मातृवृक्षासारखे निघेलच याची खात्री नसते, हे हिंदुस्थानातील बागवानाला उत्तम ठाऊक होते. म्हणून ज्या झाडाचे फळ गोड आणि ज्याचा जोम निर्विवाद, त्याचीच फांदी तो दुसऱ्या रोपावर बांधी आणि त्या एका झाडाचा गुण पिढ्यानपिढ्या तसाच्या तसा राखी. जनुक ही संज्ञा जन्मास येण्यापूर्वीच आनुवंशिक गुण अखंड ठेवण्याचा हा खात्रीचा उपाय होता. परंतु तो फळझाडांपुरताच राहिला. छायेचे आणि फुलांचे वृक्ष बियांवरच सोडून देण्यात आले, आणि या उपेक्षेचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

परदेशी फुलझाडांचे आगमन हा या इतिहासाचा दुसरा अध्याय आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यापाशी येऊन पोहोचतो. १८१८ नंतर माळव्याची घडी बसवणारे सर जॉन माल्कम हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत, १८२८ साली, दापोडी येथे सरकारी वनस्पती-उद्यान स्थापन झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी त्याची देखरेख केली. कलकत्त्याजवळील शिबपूरचे उद्यान तर १७८७ पासूनच कंपनीसाठी देशोदेशींची रोपे वाढवीत होते. अशा उद्यानांतून बी आणि रोपे छावण्यांत, डाकबंगल्यांच्या आवारांत, कलेक्टर कचेऱ्यांच्या प्रांगणांत आणि रेल्वे स्थानकांच्या फलाटांमागे जाऊन पोहोचली. भोपाळ संस्थानात पोलिटिकल एजंटाचे ठाणे सीहोरला होते आणि १८८०च्या दशकात आगगाडी भोपाळपर्यंत आली. त्यामुळे या प्रवाहाला वाट मोकळी झाली.

या पाहुण्यांत अग्रपूजेचा मान गुलमोहराचा. वनस्पतिशास्त्रज्ञ वेन्सेस्लास बोयर याला हा वृक्ष मादागास्कर बेटावर आढळला आणि १८२९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. मॉरिशसमार्गे तो हिंदी महासागराच्या सर्व किनाऱ्यांवर पसरला आणि पुढे इतका सर्वपरिचित झाला की तो आपल्या मातीतला नव्हे हे सांगितल्यास अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे मूळ वसतिस्थान मादागास्करच्या पश्चिमेकडील, चुनखडीच्या खडकांवरील कोरडी पानझडी अरण्ये हे आहे. तेथेही पाऊस थोड्या महिन्यांचा आणि अनावृष्टी दीर्घ. म्हणूनच भोपाळचा उन्हाळा त्याला परका वाटला नाही आणि आपली पाने टाकून, मे महिन्यात रक्तवर्ण धारण करण्याचा त्याचा स्वभाव येथे सहज रुजला. त्याची उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते; वळवाच्या वादळात रस्त्यावर आडवी पडलेली झाडे पाहिली तर त्यांत गुलमोहर हटकून असतो. उन्हाशी जुळवून घेण्याचा गुण त्याच्याजवळ आहे, वाऱ्याशी झुंजण्याचा नाही. सहनशीलता ही एकच एक वस्तू नसून अनेक स्वतंत्र गुणांचा समुच्चय आहे, हा धडा त्याच्यापासून घेण्याजोगा आहे.

१ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थान भारत सरकारच्या ताब्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्याच वर्षी अवजड विद्युत साहित्याच्या सरकारी कारखान्याची स्थापना होऊन पिपलानी, बरखेडा आणि गोविंदपुरा या भागांत त्याची विस्तीर्ण वसाहत आकार घेऊ लागली. अरेरा टेकडी, तात्या टोपे नगर, शिवाजीनगर, चार इमली हे भाग एकामागून एक उभे राहिले. तो काळ वृक्षारोपणाच्या उत्साहाचा होता. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली होती, आणि महेंद्रसिंग रंधावा यांनी फुलझाडांच्या योजनापूर्वक लागवडीचा पुरस्कार चालवला होता. त्यांचा भारतातील फुलत्या वृक्षांवरील ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. एकेका रस्त्याला एकेक रंग द्यावा, ऋतूमागून ऋतू शहर वेगवेगळ्या वर्णांनी उजळावे, ही कल्पना त्या पिढीच्या नगररचनाकारांना प्रिय होती. भोपाळात राजधानी परियोजनेच्या प्रशासनाने, ज्याचा स्वतंत्र वनविभागही होता, दीर्घकाळ उद्याने आणि रस्त्यांच्या कडेची झाडे सांभाळली. गुलमोहर, पिवळा गुलमोहर, बहावा, नीलमोहर, कांचन, तामण, कडुनिंब आणि जांभूळ यांच्या ज्या दाट छाया आज त्या शहराचे भूषण समजल्या जातात, त्यांपैकी बहुतेक त्या दोन-तीन दशकांची कमाई आहे. फक्त एक गोष्ट राहून गेली. कोणते बी कोणत्या झाडाचे, त्या झाडाचा रंग कसा आणि त्याने किती दुष्काळ पाहिले, ही बाब बी गोळा करताना मुख्य मानली गेली नाही. रोपवाटिकेत जे उगवले ते रस्त्यावर लागले.

रंगाचा वारसा कसा चालतो हे मात्र विज्ञानाला त्याआधीच समजू लागले होते. ग्रेगर मेंडेल याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांत जांभळी फुले आणि पांढरी फुले ही एक जोडी होती. या फरकाच्या मुळाशी असलेले जनुक निश्चितपणे सापडावयास २०१० साल उजाडले, आणि ते रंगद्रव्य घडवणारे नसून रंगनिर्मितीची यंत्रणा सुरू करणारे आहे असे निष्पन्न झाले. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनज्ञाने लाल गुलाबात आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरच्या फुलात एकच रंगद्रव्य असल्याचे दाखवून सर्वांना चकित केले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कार्याबद्दल १९१५ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पुढे असे कळून आले की रंगद्रव्याच्या रेणूवर ऑक्सिजनची एखादी जोड अधिक चढली तर लाल रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो, आणि ही जोड चढवणारे विकर ज्या जनुकाच्या आज्ञेने तयार होते ते जनुक ज्या वनस्पतीत नाही तिला निळेपण लाभत नाही. बहाव्यासारख्या फुलांचा पिवळा वर्ण बहुधा कॅरोटिनॉइड या सर्वस्वी निराळ्या कुळातील द्रव्यांवर उभा असतो.

गुलमोहराचे एक फूल या साऱ्या शास्त्राचे प्रात्यक्षिक देते. त्याला पाच पाकळ्या असतात. चार लालबुंद, आणि पाचवी, किंचित मोठी, पांढुरकी किंवा पिवळसर, तिच्यावर लाल ठिपके आणि रेषा. या पाचही पाकळ्यांच्या पेशींत जनुकांचा संच एकच आहे. त्यांत तिळमात्र भेद नाही. चार पाकळ्यांत रंगाची जनुके जागी होतात, पाचवीत ती ठरावीक ठिकाणीच जागी होतात, आणि त्यातून कीटकांना मधाची वाट दाखवणारी ती नक्षी निर्माण होते. वारसा हाती असणे आणि तो योग्य स्थळी, योग्य वेळी उपयोगात येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि अनुवंशशास्त्राचा आजचा अभ्यास पहिल्या गोष्टीइतकाच दुसरीचा आहे. पळसातही क्वचित पिवळ्या फुलांचे झाड आढळते. त्याची कीर्ती पसरली की मंत्रतंत्राच्या आणि गुप्तधनाच्या कल्पनांनी भारलेले लोक त्याच्या मुळांवर कुऱ्हाड चालवतात. वास्तविक ते झाड म्हणजे रंगाच्या आनुवंशिक घडणीत झालेल्या एखाद्या दुर्मिळ फेरफाराची जिवंत नोंद असते आणि त्याचे रक्षण करणे हे ज्ञानाचे रक्षण आहे.

रंग आणि सहनशीलता यांचे नाते फुलापुरते मर्यादित नाही. चैत्रात पिंपळाची कोवळी पालवी तांबूस झळकते, आंबा आणि जांभूळ यांचीही तशीच, आणि कुसुंबाचे झाड तर पालवीच्या वेळी एवढे लाल होते की दुरून ते बहरल्याचा भास व्हावा. ही लाली प्रायः अँथोसायनिन या रंगद्रव्याची, म्हणजे ज्या कुळातून लाल-जांभळी फुले रंगतात त्याच कुळाची आहे. कोवळ्या पानातील हरितद्रव्याची यंत्रणा पुरी बसलेली नसते, प्रखर ऊन तिला जाळून टाकू शकते. हे तांबडे द्रव्य अतिरिक्त प्रकाश आपल्यावर घेते आणि उन्हाच्या माऱ्याने पेशीत उत्पन्न होणाऱ्या विघातक द्रव्यांना निष्प्रभ करते. अतिनील किरण, थंडी किंवा पाण्याची टंचाई यांची चाहूल लागताच चाल्कोन घडवणारे जनुक अनेक वनस्पतींत अधिक जोमाने काम करू लागते, असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. या संरक्षणाखेरीज झाडाजवळ अन्य साधनेही असतात: ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक पानांवरील रंध्रे मिटवून घेते, काही प्रथिने उष्णतेने विस्कटणाऱ्या इतर प्रथिनांना सावरून धरतात, काही पेशीतील पाणी आटले तरी तिची घडण ढळू देत नाहीत. उद्यानात आपण ज्याला शोभा म्हणतो आणि शेतकरी ज्याला काटकपणा म्हणतो, त्या दोहोंची मुळे पेशीच्या आत एकमेकांत अशी गुंतलेली आहेत.

भोपाळच्या वृक्षांना निसर्गाने घेतलेल्या कसोट्यांपलीकडची एक कसोटी माणसाने द्यावयास लावली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, निजलेल्या वस्त्यांवरून पसरला आणि हजारो माणसांचे प्राण घेऊन गेला. जे वाचले त्यांपैकी असंख्यांचे पुढचे आयुष्य यातनांत गेले. त्या शोकापुढे झाडांचा उल्लेख करताना लेखणी अडखळते. तरीही इतिहासाने हे नमूद केले पाहिजे की थोड्याच दिवसांत त्या परिसरातील झाडांची पाने पिवळी पडून गळून गेली. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत कोणत्याही वृक्षाने असा वायू अनुभवलेला नव्हता आणि त्याच्याविरुद्ध तयार असा कोणताही उपाय त्याच्या जनुकांत असणे शक्य नव्हते. ज्यांच्या मुळांत आणि फांद्यांत जीव राहिला ती, दुष्काळात पाने टाकून पुन्हा पालवण्याच्या आपल्या जुन्या शक्तीच्या बळावर, पुन्हा हिरवी झाली. माणसांना मात्र अशी दुसरी पालवी फुटत नाही, आणि म्हणून त्या अपराधाची स्मृती कधीही सौम्य होऊ देता कामा नये.

याच शहरात, २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, आपल्या जुन्या वृक्षांची जनुकसंहिता वाचण्याचे कार्य आता चालले आहे. विनीत शर्मा यांच्या प्रयोगशाळेने २०२२ साली वड आणि पिंपळ या दोन्ही वृक्षांची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध केली: वडात सुमारे २५ हजार, पिंपळात सुमारे २४ हजार जनुके, आणि त्यांतील ज्या जनुकांवर उत्क्रांतीचे ठसे विशेष गडद दिसले, ती मुळांची वाढ, रोगांचा प्रतिकार, ताण सोसण्याची शक्ती आणि दीर्घायुष्य यांच्याशी निगडित असल्याचे आढळले. पाठोपाठ जांभळाची संहिता आली. तीत ६० हजारांहून अधिक जनुके मोजली गेली, आणि संचांची द्विरुक्ती होऊन जनुकांची संख्या वाढल्याने त्या वृक्षाला नवनवी द्रव्ये घडवण्याची व प्रतिकूल परिस्थितीशी जुळवून घेण्याची मुभा मिळाली, असे अनुमान निघाले. ज्या वडापिंपळांचा पार बांधून पूर्वजांनी त्यांना अवध्य ठरवले, त्यांच्या चिवटपणाची कारणे त्याच वृक्षांच्या छायेत वसलेल्या शहरातील तरुण संशोधकांनी शोधावीत, ही अभिमानाची गोष्ट आहे.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न २०२४ च्या जून महिन्यात भोपाळच्या नागरिकांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. शिवाजीनगर आणि तुळशीनगर या भागांत लोकप्रतिनिधींसाठी नवी निवासस्थाने बांधण्याच्या योजनेत सुमारे २९ हजार झाडे जाणार असे जाहीर झाले. लोक, विशेषतः स्त्रिया, रस्त्यावर येऊन झाडांना बिलगले आणि शासनाने तो प्रस्ताव मागे घेतला. अशा प्रसंगी नेहमी एक युक्तिवाद पुढे केला जातो, की तोडलेल्या प्रत्येक झाडामागे चार रोपे लावू. हिशेबाच्या वहीत तो बिनतोड दिसतो. आनुवंशिकतेच्या दृष्टीने तो लटका आहे. पन्नास-साठ उन्हाळे, अनेक अवर्षणे, काळ्या मातीची दलदल आणि भेगा, वळवाची वादळे आणि शहराचा धूर सोसून जे झाड आज उभे आहे, ते शेकडो रोपांमधून पारखून निघालेले असते. बियांपासून एकाच वेळी लावलेली त्याची भावंडे निरनिराळ्या जनुकांची होती. त्यांपैकी दुबळी केव्हाच मरून गेली. जे उरले त्याने आपल्या वारशाची परीक्षा तेथेच, त्याच मातीत दिली आहे. त्याच्या जागी कोठून तरी आणलेली, अज्ञात कुळाची चार रोपे लावणे म्हणजे सिद्ध झालेले काढून अजमावयाचे राहिलेले घेणे होय, आणि ती पारख पुरी होण्यास पुन्हा अर्धे शतक लागेल.

म्हणून बेगमांच्या बागांतून मागे पडलेली कलमाची विद्या आता फुलझाडांसाठी पुन्हा हाती धरण्याची वेळ आली आहे. शहरातील प्रत्येक जातीच्या ज्येष्ठ, निरोगी आणि सुरेख रंगाच्या झाडांची मोजणी व्हावी; त्यांतील निवडक झाडांना मातृवृक्षाचा दर्जा देऊन त्यांची तोड कायद्याने वर्ज्य करावी; त्यांच्या फांद्यांची कलमे आणि गुटी बांधून सरकारी रोपवाटिकांत त्यांचे वंश वाढवावेत, आणि एकाच झाडाच्या प्रतिमांनी सारे रस्ते भरून एखाद्या रोगाला रान मोकळे होऊ नये म्हणून त्यांच्या जोडीला अनेक मातृवृक्षांचे वेगवेगळे बीही पेरावे. पळस, बहावा, कांचन, तामण, कुसुंब यांना गुलमोहराइतकाच मान मिळावा, आणि गुलमोहर लावताना तो वाऱ्याच्या मार्गातून दूर, मोकळ्या मैदानात लावावा. प्रयोगशाळेने त्या मातृवृक्षांच्या जनुकांची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीची प्रत रोपवाटिकेतल्या माळ्याच्या हाती असावी. कारण रोप निवडण्याचा अखेरचा निर्णय त्याचाच असतो, आणि आजवर त्याला कोणी विचारलेले नाही. नागपूर, अमरावती, जळगाव, छत्रपती संभाजीनगर ही आपली शहरेही याच काळ्या मातीची आणि याच उन्हाळ्याची धनी आहेत; भोपाळने हे कार्य अंगावर घेतले तर त्यांना ते अनुकरणीय ठरेल, आणि भोपाळने ते न घेतल्यास आपण प्रथम घ्यावे, यात कमीपणा कसला?